दहाने भागलेलं वादळ

पडदा वर जातो. जिन्याखालचं अरुंद दुकान. भिंतीला टेकलेले जुने मॉनिटर, कान तुटलेल्या कपांत आकाराप्रमाणे ठेवलेले स्क्रू आणि सोल्डरिंगचा किंचित करपट वास. मधोमध पन्नाशीची एक बाई टेबलाखाली वाकून चष्मा शोधते आहे. चष्मा तिच्या कपाळावर आहे. ही आमची वायरताई.

जुने संगणक दुरुस्त करायचे आणि त्यांच्या पोटातलं सगळं नव्या संगणकात आणून द्यायचं, हा तिचा धंदा. गिऱ्हाइकं हमखास कुरकुरत येतात: तार एवढी वेगवान म्हणता, मग वेळ इतका का लागतो? ती प्रत्येकाला मटाराचं उदाहरण देते. तारेचा वेग बिटमध्ये सांगतात आणि फाइल मोजतात बाइटमध्ये. बिट म्हणजे दाणा, बाइट म्हणजे आठ दाण्यांची शेंग. वेगाला आठाने भागा, म्हणजे सेकंदाला किती शेंगा पोचल्या ते कळेल. शेजारच्या शिंप्यालाही आता हे पाठ झालं आहे.

तिचे बाबा आमच्या नाटक कंपनीचे ध्वनिवाले. विंगेत पत्रा हलवून असा गडगडाट करायचे, की रंगमंचावर मला दचकण्याचा अभिनय करावाच लागत नसे. हात थरथरू लागले तेव्हा त्यांनी आपले सगळे आवाज ध्वनिमुद्रित करून एका संगणकात साठवले. पुढे नाट्यगृह बंद पडलं, आणि तो संगणकही माळ्यावर गेला.

यंदा नाट्यगृह पुन्हा उघडलं. नव्या मुलांनी आमचंच जुनं नाटक बसवलं आणि बाबांना पहिल्या रांगेत बसायचं आमंत्रण दिलं. बाबांनी एकच अट घातली: वादळ माझं असेल तर येईन, विकतच्या वादळात मी बसणार नाही. वायरताईने ती अट आनंदाने स्वीकारली. बाबांना पुन्हा नाट्यगृहात आणायची तिची किती वर्षांची हौस होती.

पण माळ्यावरून उतरवलेल्या संगणकाची फ्लॉपी मेली होती आणि डिस्क कुठल्याच नव्या यंत्राला बसेना. जिवंत होतं ते मागचं एक सीरियल पोर्ट, एकामागून एक बिट सोडणारं. त्याचा वेग सेकंदाला नऊ हजार सहाशे बिट. वाढवला की आवाजांचा नुसता चिवडा व्हायचा. वायरताईने बोटांवर आठाने भागलं. बाराशे बाइट. म्हणजे सगळे आवाज यायला चार तास. प्रयोग साडेसहाला होता. दुपारी दोनला तिने केबल लावली आणि मला म्हणाली, सहाला संपेल, मावशी, चहा पिऊन निघू.

चार वाजता निम्मं काम व्हायला हवं होतं. झालं नव्हतं. तिने केबल काढून फुंकली, परत लावली, यंत्राला दोन शेलक्या शिव्या दिल्या. कोपऱ्यातल्या खुर्चीत बाबा कपडे करून दोन वाजल्यापासूनच तयार बसले होते.

"येण्याजाण्याचा वेळ धरलास का गं?" त्यांनी विचारलं.

वायरताईने कपाळावर हात मारला, आणि चष्मा आपोआप नाकावर आला. या जुन्या तारेत प्रत्येक बाइटच्या आधी एक बिट जातो, आता येतोय हे सांगायला, आणि नंतर एक, संपलं हे सांगायला. इथे शेंगेला दाणे आठ नव्हे, दहा लागतात. मला ते तिच्याआधी पटलं. दोन शब्दांचं काम असलं तरी नटाला प्रवेश आणि प्रस्थान करावंच लागतं.

"जगाला आठ शिकवता शिकवता मीच फसले," म्हणत ती पोट धरून हसली. मग हसू थांबलं. दहाने भागल्यावर चाराचे पाच तास होत होते.

प्रयोग अर्धा तास पुढे ढकलू, असं मी सुचवलं. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा करायला उठले. पडदा वेळेवर उघडणारच. चहा गाळताना आठवलं: वादळ तर दुसऱ्या अंकात आहे! वायरताईने लगेच क्रम बदलला. टापा, दारावरची थाप, घंटा असं बाकी सगळं आधी, वादळ शेवटी.

सहाला फक्त वादळ उरलं. आम्ही टॅक्सी केली. नवा संगणक माझ्या मांडीवर, जुना तिच्या, आणि बाबा पुढे, चालकाला खड्डे दाखवत. विंगेत पोचताच तिने दोन्ही यंत्रं जोडली आणि दिग्दर्शकाला सांगितलं, तासभर लागेल, मध्यंतराआधी येतंय, यावेळी दहाने भागलंय. पडदा ठरल्या वेळी उघडला. पुढे पहिला अंक रंगत होता आणि मागे अंधारात, एका करड्या केबलमधून, शेंग शेंग करत वादळ येत होतं.

मध्यंतराची घंटा झाली तेव्हा ते पूर्ण पोचलेलं होतं.

दुसऱ्या अंकात ते कडाडलं, तेव्हा मी विंगेतून प्रेक्षकांकडे पाहत होते. तिसऱ्या रांगेतल्या एका गृहस्थांनी कोटाची कॉलर वर केली. बाबांचे दोन्ही हात मांडीवरून उचलले गेले आणि हवेतला पत्रा हलवू लागले. माझ्याशेजारी वायरताई डोळे पुसत होती. चष्मा अर्थातच कपाळावर.

प्रयोगानंतर बाबा काठी टेकत विंगेत आले, त्या जुन्या यंत्रावर थोपटल्यासारखा हात ठेवला आणि गंभीरपणे म्हणाले की सगळं उत्तम, पण दुसरा गडगडाट विजेनंतर जरा उशिरा आला.

वायरताई केबल गुंडाळत होती. मान वर न करता म्हणाली, "येण्याजाण्याचा वेळ धरायला विसरलात वाटतं, बाबा."