मला उशीर झाला का?
नकली मिशी चिकटवायच्या गोंदाचा उग्र वास आला की मला दुबईतल्या जबल अलीचं ते गोदाम आठवतं. तिथे एका मालिकेचं शूटिंग चालू होतं आणि मेकअपची माझी ती पहिलीच नोकरी. ब्रिटनमधल्या वेल्सहून आलेला एक म्हातारा नट रोज माझ्यासमोर बसायचा. उभ्या आयुष्यात त्याने हवालदार, पाद्री, दुकानदार अशा दोन-चार वाक्यांच्याच भूमिका केल्या होत्या. "चेहरा सगळ्यांना ओळखीचा वाटतो, नाव कुणालाच आठवत नाही," असं तो हसून सांगायचा. इथे मात्र त्याला न्यायाधीशाचा मोठा प्रसंग मिळाला होता. त्या दुपारी त्याला वाक्यंच आठवेनात. कॅमेरा पुन्हा पुन्हा थांबला. शेवटी गोंधळून तो इंग्रजी सोडून वेल्शमध्ये, आपल्या आईच्या भाषेत बोलायला लागला आणि कुणीतरी फिस्सकन हसलं. शूटिंगचा कोऑर्डिनेटर माझ्या कानाशी लागला, "खलास. उद्यापासून दुसरा येतोय. तू काही बोलू नकोस, त्याला ईमेल जाईल." मी तेल लावून हलकेच त्याची मिशी सोडवत होते. "आज पाठ करून टाकतो सगळं. उद्या किती वाजता येऊ?" त्याने विचारलं. "सहाला, सर," मी म्हटलं. त्याने ईमेल उघडलाच नसावा. सकाळी बरोबर सहाला तो दाढी करून आला, तेव्हा खुर्चीत दुसरा माणूस बसला होता. दारातूनच त्याने मला विचारलं, "मला उशीर झाला का?"