तोंडातला पाय

"माझ्या तोंडाला लागू नको. लाथ बसंल!"

आमच्या पोलादपूरच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी डाव उगारून असं म्हणाल्या की पोरं खिदळायची आणि नवे शिक्षक गोंधळायचे. मग मावशी डाव्या गालावर टिचकी मारायच्या. "ह्यो जबडा नाय, गुरुजी. पायाचं हाड हाय."

तुम्हाला थट्टा वाटेल, पण ते अक्षरशः खरं होतं.

मिश्री लावून लावून त्यांच्या हिरडीला जखम झाली होती. ती भरेना, म्हणून महाडच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं. मुलगा तिथेच नोकरीला. शाळेला सुट्टी होती, म्हणून मीही सोबत गेलो. तिथल्या सर्जननी सरळ सांगितलं: कॅन्सर आहे, खालचा अर्धा जबडा काढावा लागेल. त्या जागी पोटरीतलं बारीक हाड बसवायचं, वरच्या कातडीसकट. कातडी तोंडाचं आतलं अस्तर होणार. सोबतची रक्तवाहिनी मानेतल्या रक्तवाहिनीला जोडली की सगळा तुकडा जिवंत राहतो.

मुलगा रडू लागला. मावशींनी विचारलं, "आन डोंगरावरच्या वाडीवर कोन चढनार? तुमी?"

"गुडघ्याखाली दोन हाडं असतात, आजी," सर्जन म्हणाले. "भार जाड हाडावर असतो. बारीक काढलं तरी चालता येतं."

"म्हंजे देवानं एक फुकटचंच बसवलंय. घ्या मग."

ऑपरेशनला नेताना मात्र त्यांनी माझा हात घट्ट धरला. "गुरुजी, मेले तर मरू दे. पन मुकी करू नका, सांगा त्यांना."

ऑपरेशन दिवसभर चाललं. नंतर नाकात नळी, श्वासासाठी गळ्याला भोक, पायाला पट्ट्या. नर्स सारखी येऊन तोंडातल्या कातडीला सुई टोचायची, लाल रक्त येतं का बघायची. दुसऱ्या दिवशी कातडी काळीनिळी पडली. मावशींना धावत परत आत नेलं. जोडलेल्या शिरेत रक्ताची गाठ अडकली होती. ती काढली आणि कातडी पुन्हा गुलाबी झाली.

गळ्याचं भोक बुजल्यावर मावशींचे ओठ हलले. आम्ही श्वास रोखून वाकलो. मुलाकडे बघत त्या जड जिभेनं म्हणाल्या, "मेल्या, दाढी कर."

पुढे तोंडातल्या त्या कातडीवर केस उगवू लागले. आपण आता पायावर नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं! मावशी शाळेच्या स्वयंपाकघरात आरसा टेकवून चिमट्यानं ते उपटायच्या. सून पाया पडायला वाकली की म्हणायच्या, "खाली कशाला वाकतेस गो? अर्धा पाय वर हाय." जरा लंगडायच्या, पण वाडीवर चढायच्या.

एकदा दासगावच्या एका रिक्षावाल्याला त्याच्या बायकोनं शाळेत ओढून आणलं. त्यालाही हेच ऑपरेशन सांगितलेलं, आणि तो मरायला तयार होता, पण टेबलावर झोपायला नाही. मावशींनी काही समजावलं नाही. त्याला हात धुवायला लावले आणि तोंड उघडलं.

"बोट घाल."

तो मागे सरला.

"घाल रे. त्या बाजूला चावायला दातच नाय."

त्यानं बोट घातलं. त्या कातडीवरून फिरवलं. मग बायकोकडे वळून हळूच म्हणाला, "ऊन-ऊन लागतंय गो."

"मग? पाय मेला नाय," मावशी म्हणाल्या. "घर बदललं त्यानं."

मावशी गेल्या त्या कॅन्सरनं नाही, हृदयविकारानं. तेराव्याला आम्ही वाडीवर जमलो. रिक्षावाला काठी टेकत, धापा टाकत चढून आला होता. पंगतीत हनुवटीखाली रुमाल धरून तो सावकाश जेवत होता.

"जमतंय का?" मी विचारलं.

वाकड्या तोंडानं एकेक शब्द जुळवत तो म्हणाला, "भात कच्चा हाय. मावशी असती तर आचाऱ्याला जित्ता सोडला नसता."

पलीकडे वाढणाऱ्या आचाऱ्याला ते कळलं नाही. "काय म्हनतात?" त्यानं विचारलं.

रिक्षावाल्यानं रुमाल बाजूला ठेवला आणि पुन्हा, सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं सांगितलं.