मांडीवरचा बस्ता

काल सूनबाई अमरावतीहून लुगडी घेऊन आली. सकाळच्या मोटारीनं गेली आणि दिवेलागणीच्या आत घरी. तिनं घडी उलगडली आणि नव्या कापडाच्या खळीचा तो कोरा, किंचित आंबूस वास ओसरीभर पसरला. "हात लावू नका कोणी! आधी तीन दिवस उन्हात टाका," मी ओरडले. सून हसली, नातवंडं हसली. म्हातारीचं हे खूळ घरादाराला पाठ आहे. हसा बापड्यांनो! पण मी जिवंत आहे तोवर तीन उन्हं खाल्ल्याशिवाय या घरात नवं कापड अंगाला लागणार नाही. का, ते मात्र मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मी तेव्हा नऊ वर्षांची होते. थोरल्या बहिणीचं लग्न ठरलं होतं आणि बस्ता फाडायला, म्हणजे लग्नाचं सगळं कापड एका बैठकीत घ्यायला, मोर्शीकडच्या आमच्या गावाहून बैलगाडीनं अमरावतीला जायचं होतं. बाबा आणि आत्या निघाले. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. अंगानं धिप्पाड, तोंडानं फटकळ. मूलबाळ नव्हतं, म्हणून आम्ही दोघी बहिणी तिच्याच. "पोट्टीनं अमरावती पाह्यली नाही अजून. येऊ दे तिले," असं म्हणून तिनं मला उचलून गाडीत बसवलं. शहरात गाठीचा ताप असल्याची कुणकुण होती. त्या काळी शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, की घरात उंदीर मरून पडला की चूल विझवायची, कुलूप लावायचं आणि शेतात झोपडी घालायची. निघताना बाबांनी बजावलं, "उंदीर पडल्याचं नुसतं कानावर आलं, तरी तिथूनच गाडी माघारी फिरंल."

दुसऱ्या दिवशी परकोट दिसला आणि मी गाडीत उभीच राहिले. केवढी ती दगडी भिंत, केवढे ते दरवाजे! भिंतीतल्या एका खिडकीशी फार पूर्वी कत्तल झाली होती म्हणे. आत्यानं ती मला बोट करून दाखवली आणि लगेच माझं तोंड दुसरीकडे वळवलं. अंबादेवीला ओटी भरली. देवळात आम्ही तिघं आणि पुजारी, एवढेच. जिलबी खाल्ली ती मात्र अशी गरम आणि रसाळ, की तिचा रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. पण बाजाराचा दिवस असून बाजारात आवाज नव्हता. दोन दुकानं उघडी, तर तिसऱ्याला कुलूप. गल्ल्यांच्या तोंडाशी चुना टाकलेला. कुठूनशी गंधकाची धुरी येत होती आणि माणसं तोंडाला पदर नाहीतर उपरणं लावून भराभरा चालत होती. बाबा जिलबीवाल्याला विचारू लागले, तर तो कढईतून मान वर न करता म्हणाला, "काही नाही जी. थंडीचा ताप आहे."

कापडाच्या दुकानात पांढऱ्या गादीवर आम्ही बसलो. दुकानदार गोड बोलत होता आणि भाव न मागताच उतरत होता. आत्याचा चेहरा फुलला होता. शालू झाला, व्याह्यांची धोतरं झाली, आता मानाची लुगडी चालली होती. एवढ्यात गठ्ठ्यांच्या फटीत मला एक शेपूट दिसलं. मग पोट दिसलं. फुगलेलं, राखाडी. दुकानदाराचंही तिकडे लक्ष गेलं. त्यानं बोलता बोलता पायानं ते आत सारलं आणि त्याच गठ्ठ्यातलं एक लुगडं ओढून आत्यापुढे पसरलं.

मी बोलायला तोंड उघडलं होतं, देवाशपथ! पण माझ्या बांगड्या अजून घ्यायच्या होत्या. लाखेच्या, हिरव्या, वर आरशाचे तुकडे बसवलेल्या. तोंड उघडलं तर गाडी माघारी फिरणार. मी तोंड मिटलं.

चुडीवाल्या मुसलमान खालानं माझा हात दाबून दाबून बांगड्या चढवल्या आणि हळूच आत्याला म्हणाली, "बाई, लेकराले घिऊन लवकर निघा. आमच्या गल्लीत तीन घरं बंद झाली." आत्याचा हात माझ्या खांद्यावर घट्ट झाला. तासाभरात आम्ही परकोटाबाहेर होतो.

आमच्याकडे एक रीत आहे. बांधलेला बस्ता देवापुढे उघडेपर्यंत भुईला टेकवायचा नाही. सवाशिणीनं मांडीवर धरून आणायचा. आत्यानं तो दोन दिवस मांडीवर धरला. मुक्कामातही झाडाला टेकून, त्यावरच मान टाकून निजली. मी शेजारी बसून बांगड्या वाजवत होते आणि त्या गाठोड्याकडे पाहायचं टाळत होते. एकदा ती खसखसा मांडी खाजवत म्हणाली, "पिसवा लय झाल्या वं या गाडीत." माझ्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. तेव्हाही मी बोलले नाही.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी तिला ताप भरला आणि जांघेत गाठ आली. तिला शेतातल्या तुराट्यांच्या झोपडीत ठेवलं. बाबांनी अख्खा बस्ता बांधावर नेऊन जाळला. कोरा शालू जळताना जो वास आला, तो मी विसरू म्हटलं तरी विसरत नाही. त्या संध्याकाळी मी सगळ्यांची नजर चुकवून झोपडीच्या मागे गेले आणि कुडाला तोंड लावून रडत सगळं सांगितलं. मी पाहिला होता उंदीर. बांगड्यांसाठी बोलले नाही.

आतून आत्या म्हणाली, "कावून रडून राहिली? मीबी पाह्यला होता तो. अर्धा बस्ता टाकून उठलं तं पोरीचा संसार अर्धा राह्यते, म्हून म्या तोंड नाही उघडलं. तुह्या बांगड्यांनं काई नाही झालं. जाय आता, इकडं फिरकू नको." दुसऱ्या दिवशी ती गेली.

बहिणीचं लग्न महिन्याभरानं आईच्या जुन्या शालूत झालं. बस्ता अर्धा काय, एक धागाही उरला नव्हता. पण तिचा संसार भरल्या गोकुळासारखा झाला. आत्याच्या भीतीला काडीचा अर्थ नव्हता. मला तिचा रागही येतो. पण खरा जाच वेगळाच आहे. दुकानात ती गठ्ठ्यांकडे पाठ करून बसली होती. मला चांगलं आठवतं, पाठ करून! मग तिला तो दिसला कसा? मान वळवली असेल एखाद्या वेळी. नसेलही. मरता मरता माझ्या छातीवरचा धोंडा उचलायला ती खोटं बोलली असेल, तर तो धोंडा माझ्या छातीवरून अजून हललेला नाही. आणि खरं बोलली असेल, तर आम्ही दोघींनी मिळून तिला मारलं. इतकी वर्षं गेली, परकोटाला भगदाडं पडली, गाडीवाटेवरून मोटार धावू लागली. मला मात्र यातलं एकही धड पत्करता आलं नाही.

परवा तिसरं ऊन होईल. मी लुगडी आत आणीन, घडी घालायला मांडीवर घेईन. सून म्हणेल, "आत्याबाई, ठेवा ना खाली." आमच्याकडे सासूला आत्याबाईच म्हणतात. मी नेहमीसारखी ऐकलं न ऐकल्यासारखं करीन आणि दिवा लागेपर्यंत ती तशीच मांडीवर धरून बसेन.