अडतीस कुणाचा?

बेनिता ओलाबेने आयुष्यात पूर्ण विश्वास ठेवला तो फक्त स्वतःच्या नाकावर. खाटकाने तोलून दिलेलं मटण ती घरी आणून पुन्हा तोलायची. पाद्री प्रवचनात जरा अडखळला की तिला वाटायचं, ह्याच्या पोटात काहीतरी आहे. रेडिओवर 'आज ऊन' असं सांगितलं की बाई छत्री घेऊन निघालीच. नेवाडातल्या विनेमकासारख्या कोरड्या ठणठणीत गावात छत्री घेऊन हिंडणारी ती एकटीच. लोक हसायचे. हसोत बापडे.

स्पेनच्या उत्तरेकडच्या बास्क मुलुखातून ती ऐन विशीत अमेरिकेत, नेवाडात आली ती मेंढपाळांच्या खानावळीत बटाटे सोलायला. हिवाळ्यात डोंगरावरून उतरलेले सगळे बास्क गडी तिथे लांबलचक टेबलांवर बसून सूप, घेवडा आणि लसणात माखलेलं मटण ओरपायचे. त्यांतला फर्मीन ओलाबे जेवण झाल्यावर आपली ताटली स्वतः मोरीत आणून ठेवायचा. तेवढ्यावर बेनिता पाघळली. पण तिने अट घातली: "डोंगरावर तंबूत राहणारा नवरा मला नको. मला भिंती हव्यात, दाराला कुलूप हवं." फर्मीनने मेंढ्या सोडल्या, गावच्या पाणीखात्यात पाइप दुरुस्तीला लागला आणि कुलूप असलेलं घर केलं.

संसार चांगला झाला. मूलबाळ नव्हतं, पण घरात हसणं होतं. फर्मीनला व्यसन म्हणावं तर एकच, केनो. आठवड्यातून एकदा सकाळी तो सिल्व्हर सेज कॅसिनोच्या कोपऱ्यातल्या केनोच्या खोलीत जाऊन बसायचा. दहा-दहाच्या ओळींत ऐंशी आकडे छापलेल्या कागदावर काळ्या खडूने आपले आकडे खुणवायचे, कागद खिडकीवर द्यायचा, मग काचेच्या गोळ्यात चेंडू थयथया नाचतात, त्यातले वीस नळीतून वर येतात आणि भिंतीवरच्या फळ्यावर एकेक दिवा लागतो. बेनिता कधी बरोबर गेली नाही. फुंकर मारून चेंडू उडवणारं यंत्र तिच्या मते उघड उघड लबाड होतं.

फर्मीन गेला तो फुप्फुसाच्या दुखण्याने. शेवटच्या दिवसांत त्याला धड बोलवत नव्हतं, तरी त्याने तिचा हात धरून आठ आकडे तिच्याकडून पाठ करून घेतले. पाच, चौदा, सोळा, तेवीस, पंचवीस, सत्तावीस, बत्तीस, अडतीस. वर म्हणाला, "हिस्सा चालू ठेव." नशिबातला आपला हिस्सा, असं ती समजली. आणि ज्या यंत्रावर तिचा काडीचा विश्वास नव्हता त्याच्यापुढे ही बाई दर गुरुवारी जाऊन बसायला लागली.

संशयी माणसाला अर्थ लावल्याशिवाय चैन पडत नाही. पाच म्हणजे लग्नाची तारीख. चौदा तिचा वाढदिवस. सोळा घराचा नंबर, तेवीस त्याचा वाढदिवस, पंचवीस नाताळ, सत्तावीस खानावळीतली तिची खोली, बत्तिसाव्या वर्षी त्याला नोकरी लागली. सात आकडे तिने घासून पुसून जागेवर बसवले. अडतीस मात्र बसेना. अडतीस कुठून आला? कुणाचा आला? कुणाच्या जन्माचं साल तर नव्हे? रात्रीच्या जेवणाला एकटी बसली की तो आकडा तिच्या समोरच्या रिकाम्या खुर्चीत येऊन बसायचा.

अशात एका गुरुवारी तिने खुर्चीच्या फटीत टाकून दिलेलं एक तिकीट उचललं. तिला ती सवयच होती. लोक लागलेली तिकिटंही न बघता टाकतात असा तिचा संशय होता. तिकिटावर मशीनने छापलेली आकड्यांची ओळ होती: ५ १४ १६ २३ २५ २७ ३२ ३८.

तिने दोनदा वाचलं आणि थेट खिडकी गाठली. खिडकीमागे रोंडा बसायची. केनोची तिकिटं लिहिण्यात तिचे केस पांढरे झाले होते.

"माझे आकडे कुणाला विकलेस तू?"

"अगं बाई! तुझे आकडे काय सोन्याचे आहेत?"

"फळ्याखालची पाटी वाच. आठही आकडे दोघांना लागले तर वरचं बक्षीस वाटून. मी इतकी वर्षं बसायचं आणि अर्धं दुसऱ्याने न्यायचं?"

रोंडाने चष्मा काढून पुसला. "बेनिता, आठातले आठ लागायची शक्यता दोन लाख तीस हजारांत एकदा. आधी लागू तर देत, मग भांड. आणि कुठलेही आठ घेतलेस तरी तेवढीच. चेंडूंना कालचं आठवत नसतं."

"चेंडूंचं मला सांगू नकोस. माणसांना आठवतं. कोण खेळतं हे?"

"ते सांगायचं नाही. नियम आहे."

"म्हणजे तुला माहीत आहे!"

रोंडाने पुढच्या माणसाला हाक मारली आणि दुसरीकडे पाहिलं. त्या दुसरीकडे पाहण्यानेच बेनिताची खात्री पटली. हे आकडे फर्मीनने फक्त तिला दिले नव्हते. ही कुणीतरी बाई होती, आणि अडतीस तिचाच होता.

पहिली धाड पडली लवर्नवर. लवर्न फर्मीनचे केस कापायची आणि केनोच्या खोलीत पडीक असायची. तिची पद्धत जगजाहीर होती: दोन-तीन डावांत आलेले 'तापलेले' आकडे पकडायचे, थंड पडले की सोडायचे. ह्या पद्धतीने ती आयुष्यभर हरत आली होती आणि तरी सगळ्यांना शिकवत होती.

बेनिताने ते तिकीट तिच्यापुढे आपटलं. "लवर्न, माझ्या डोळ्यांत बघून सांग. फर्मीन तुझ्याकडे कशाला येत होता?"

"केस कापायला."

"त्याला केस होते कुठे?"

"तेच तर! निम्म्या पैशांत निम्मं डोकं," म्हणून लवर्न खो खो हसली. मग बेनिताचा चेहरा बघून तिने हसू आवरलं. "ए वेडाबाई, मी कधी एक आकडा दोन दिवस टिकवलाय का? ज्याने हे आठ धरलेत ना, तो माझ्यासारखा उडाणटप्पू नाही. तो मुळं रोवून बसलाय."

हे ऐकून बेनिताला बरं वाटायचं सोडून आणखीच खटकलं. मुळं रोवून! तिने घरी येऊन फर्मीनच्या कोटाचे खिसे उलटे केले, त्याचे बूट झटकले. लग्नातल्या फोटोला जाब विचारला, "बोल ना, कोण ती?" फोटोतला फर्मीन नेहमीसारखाच जरा घाबरलेला दिसत होता. ती पलंगावर बसून ढसाढसा रडली. सगळ्या जगावर संशय घेता यावा म्हणून तिने एका माणसाला त्यातून वगळलं होतं, आणि तोही आता वगळता येईना.

मग तिच्या डोक्यात आलं, आपण जातो गुरुवारी. म्हणजे ती येत असणार आपला वार चुकवून. आणि त्या तिकिटावर तारीख होती मंगळवारची, फर्मीनच्याच वाराची. मंगळवारी ती सकाळीच जाऊन खांबामागे बसली, छत्रीसकट. रोंडाने पाहिलं, मान हलवली.

बाई कुणी आलीच नाही. आला तो एक वाकलेला म्हातारा, डोक्यावर काळी बास्क टोपी, बुटांना मेंढ्यांचा वास. त्याने कोरा कागद घेतला आणि खडू उचलला. बेनिता मान उंच करून बघत होती. म्हाताऱ्याने आकडे शोधले नाहीत. त्याचा हात खालून तिरका वर चढला, तसाच तिरका खाली उतरला आणि शेवटी मध्ये एक टिंब ठेवून थांबला. हा आकडे लिहीत नव्हता, चित्र काढत होता.

त्याने तोंड वळवलं आणि तिने ओळखलं. चोमिन! मेंढ्यांच्या दिवसांतला फर्मीनचा जोडीदार. फर्मीन गावात आल्यावरही दोघांचा छोटा कळप भागीत होता, चोमिन तो सांभाळायचा. एका वसंतात कोकरं कमी भरली. चोमिन म्हणाला, कोल्ह्यांनी नेली. बेनिता म्हणाली, कोल्ह्याला बास्क टोपी असते वाटतं! भर खानावळीत म्हणाली. कळप विकला गेला, आणि ह्या माणसाला पुन्हा उंबरा चढू द्यायचा नाही असं तिने फर्मीनकडून कबूल करून घेतलं.

"म्हणजे कोकरं पुरली नाहीत, आता आकडेही चोरलेस!"

चोमिन दचकला, पण पळाला नाही. टोपी काढून म्हणाला, "बस, बेनिता. ओरडायचं तर बसून ओरड."

"कुठून मिळाले हे आकडे?"

"आकडे?" त्याने कागद तिच्यापुढे सरकवला. "मला धड पाठही नाहीत. बघ की."

बेनिता रोंडाला नेहमी तोंडीच आकडे सांगायची. मशीन त्यांची नुसती ओळ छापून द्यायचं. कागदावर मांडलेले ते तिने आयुष्यात पहिल्यांदा पाहिले. पाच टोकावर. खाली दोन्हीकडे चौदा आणि सोळा, तेवीस आणि सत्तावीस, तळाला बत्तीस आणि अडतीस. तंबू. मध्ये पंचवीस, एकटा.

"आमच्या कळपाची खूण," चोमिन म्हणाला. "मेंढ्यांच्या पाठीवर रंगवायचो ती."

अडतीस म्हणजे तंबूचा उजवा खुंट होता. बस, इतकंच. इतकी वर्षं ती एका खुंटावर जळत होती.

"पण दोघांनी तेच आकडे का? बक्षीस वाटून जातं, पाटी वाचली नाहीत?"

"वाचली ना. म्हणून तर. कळप निम्मा निम्मा, तसं हेही निम्मं निम्मं. रोंडा आम्हाला गाढव म्हणायची."

"अजून म्हणते," खिडकीतून आवाज आला.

"दर मंगळवारी इथे बसायचो आम्ही. तो गेला तरी मी येत राहिलो."

बेनिता समोरच्या खुर्चीत टेकली. "मंगळवारी तो केनोला जातो म्हणायचा. तू असतोस असं कधी बोलला नाही."

"तू बजावलं होतंस, चोमिनला घरी आणायचं नाही. त्याने घरी नाही आणलं."

चोमिन हे सरळपणे म्हणाला, टोमणा मारून नाही, आणि म्हणूनच ते फार लागलं. नवरे बाई लपवतात असं ती धरून चालली होती. तिच्या नवऱ्याने एक म्हातारा मित्र लपवला होता, बायकोच्या भीतीने, जन्मभर. फोटोतला तो घाबरलेला चेहरा तिला आठवला. त्याला काय दिवसभर घोर असेल, की हिला कळलं तर? तिला स्वतःचीच इतकी लाज वाटली की छत्री उघडून तिच्याआड बसावंसं वाटलं.

"कोकरं कोल्ह्यांनीच नेली?" तिने विचारलं. राहवलं नाही तिला.

"कोल्ह्यांनीच."

"बरं."

चोमिनने कागद मागे ओढला. "आता मी दुसरे आकडे घेतो. तुला त्रास नको."

"गप बस," बेनिता म्हणाली. 'हिस्सा चालू ठेव' म्हणजे काय ते तिला आत्ता कळलं होतं. "हिस्सा म्हणजे हिस्सा. दे तो खडू."

तिने कोरा कागद घेतला आणि त्याच्या कागदाकडे बघत बघत तंबू उभा केला. एकेक करून खुंट ठोकले. मधल्या पंचविसावर खडू थांबला.

"हे टिंब कशाला? मेंढीवर एवढं रंगवत बसायचं काय कारण?"

चोमिनने टोपी गुडघ्यावर ठेवली. "आधी नुसता तंबू होता. तू नाही म्हणालीस ना, तंबूत राहणार नाही म्हणून, त्या हिवाळ्यात फर्मीनने ते टिंब घातलं. मी विचारलं, हे काय? तर म्हणाला, ही बेनिता. खरी नाही तर नाही, रंगवलेली तरी आत असू दे."

बेनिताने खडू इतका दाबला की तो मोडला. दोघांचे कागद तिनेच खिडकीवर नेऊन दिले. रोंडाने दोन तिकिटं छापून दिली. चेंडू उडायला लागले. यंत्र लबाड आहे का हे बघायचं तिला सुचलं नाही, अडतीसकडेही तिची नजर गेली नाही. चोमिनच्या बाहीला धरून ती फळ्यावर एकाच जागी बघत होती. वीस दिवे लागून झाले. पंचविसाचा लागला नाही.

"पुढच्या मंगळवारी," चोमिन म्हणाला.

"आधी घरी चल," ती म्हणाली. "मटण शिजवलंय."