उलटा जिना

निजामाच्या अमलात आमच्या धाराशिवच्या हायस्कुलात शास्त्र उर्दूतून शिकवावं लागे. मी ते इंग्रजीत वाचायचो, मराठीत समजून घ्यायचो अन् उर्दूत सांगायचो. तीन भाषांची ओझी वाहणारं असलं गाढव सगळ्या जिल्ह्यात दुसरं नसेल. उर्दू उजवीकडून डावीकडं चालते, म्हणून पुस्तकातली आकृतीसुद्धा मी फळ्यावर पालटून काढी. भाषांतर अर्धवट नको! माझ्या वर्गातल्या पोरांची काळजं वर्षभर उजवीकडं धडधडली.

शाळेत एक खुर्दबीन होती, म्हणजे सूक्ष्मदर्शक. कुणी वापरत नाही म्हणून हेडमास्तरसाहेब ती हैदराबादला परत धाडायला निघाले. "एक बार देख लो साहेब, फिर भेजो," म्हणून मी गळ घातली.

माझ्याकडं कॉलेजातून आणलेली चिमूटभर पांढरी भुकटी होती, पित्तातल्या चरबीपासून केलेली. ती तापवली तर वितळते, पण तिचं धड पाणी होत नाही. आत थर राहतात, अन् दर थर खालच्यापेक्षा किंचित वळलेला, गोल जिन्यासारखा. तिचा कणच मुळात एका हाताचा, डावा पंजा उजव्यावर बसत नाही तसा, म्हणून जिनाही एकाच बाजूला वळतो. पुस्तकात बघून तो जिना मी साहेबांपुढं फळ्यावर झोकात काढला.

साहेबांनी पुस्तक फळ्याशेजारी धरलं. "मास्टर, किताब का जीना बायें कू घूमता, तुमारा दायें कू?"

"उर्दू में निकाला, साहेब."

"जबान पलटी तो जीना बी पलटता क्या? बायें पाँव की जूती उर्दू बोले तो दायें में आती?"

दारातला शिपाई फिस्सकन हसला. खुर्दबीन गेलीच म्हणायची! मी घाईनं भुकटी दोन काचांमधे घालून दिव्यावर धरली, वितळल्यावर भिंगाखाली सरकवली.

साहेब वाकले. "या अल्ला! मोर का गला!" मग कपाळाला आठी. "ये तेल की लकीरां कायकू? काच धोए नै?"

मी ओशाळून शेरवानीच्या बाहीनं वरची काच पुसायला गेलो. बोट भाजलं, काच दाबली गेली.

"रुको! लकीरां चलरे!"

मग मीही बघितलं. मोरपिशी निळाईत रेघा सरकत होत्या, एकमेकींत मिसळून नाहीशा होत होत्या. तो मळ नव्हताच. थरांशी थर जुळले नव्हते, तिथल्या त्या भेगा होत्या. सगळं बिनचूक बसलं असतं तर नुसती निळाई दिसली असती. आत थर आहेत याची दादही लागली नसती. भाजलेलं बोट तोंडात धरून मी तसाच उभा.

"हमारे अंदर बी यहीच चरबी?" साहेबांनी हळूच विचारलं.

"जी. तुमारे, मेरे, गली की बिल्ली के अंदर. सबकी एकीच हात की. उल्टी किसी में नै."

साहेब पुन्हा भिंगाशी वाकले. काच निवून पांढरी पडली.

"फिर गरम करो," ते म्हणाले. "खुर्दबीन यहींच रहती. मगर तस्वीर तुम नक्को निकालो."

अन् भिंगाला डोळा लावून बसले ते बसलेच. माझी पाळी यायला भुकटी आणखी एकदा वितळवावी लागली.