रंभाबाईचं बेकन

अजनीच्या रेल्वे क्वार्टरात रंभाबाईनं पंधरा वर्षं एका अँग्लो-इंडियन गार्डसाहेबाच्या घरी स्वयंपाक केला. बेकन करायला तिला मडमेनं शिकवलं. डुकराच्या पोटाचा पट्टा घ्यायचा, मीठ, गूळ अन् कुटलेली मिरी चोळून चिनी मातीच्या बरणीत दाबायचा. रोज सुटलेलं पाणी ओतून टाकून तो उलटायचा आणि आठवड्यानं धुऊन, पुसून, मलमलीत बांधून टांगायचा. हे सगळं ऐन थंडीतच, नाहीतर मांस नासतं. रंभाबाईचा हात मडमेपेक्षा सरस झाला. पण तिच्या वाट्याला यायची फक्त कडेची साल. पासष्ट साली ते कुटुंब ऑस्ट्रेलियाला गेलं. मडमेनं जाताना दोन पातळं दिली आणि चांगल्या कामाची चिठ्ठी दिली, इंग्रजीत.

नवरा देवाजी शहराबाहेरच्या वाडी गावी ट्रान्सपोर्टच्या गोदामात हमाल होता. तिथंच बाबनरावच्या चाळीत त्यांची खोली होती. एकाहत्तरच्या डिसेंबरात रंभाबाईनं पट्टा आणला. देवाजीनं विचारलं, हे कोणासाठी? ती म्हणाली, "पंधरा वर्सं दुसऱ्याच्या ताटासाठी केलं. आता आपल्यासाठी."

आठव्या दिवशी ती चाळीच्या नळावर पट्टा धुवायला बसली. शेजारच्या अंजनाबाईनं विचारलं, काय आहे? रंभाबाईनं सांगून टाकलं. संध्याकाळी बाबनराव दारात उभा.

"ते फेका बाहेर. अन् आजपासून या नळाले हात लावाचा नाई."

"काहून जी? वास येते काय? या, हुंगून पाहा."

बाबनराव दोन पावलं मागं सरला. "वासाचं नाई. नळ बाटला म्हणून राहिले लोकं."

"समोरच्या खोलीतले याच नळावर बोकडाचं मटण धुतात. तवा नाई बाटला? सरळ सांगा ना, डुकरानं बाटला का माह्या हातानं?"

बाबनरावची नजर खाली गेली. "महिन्याभरात खोली खाली करा."

"करीन. पण फेकणार नाई."

तो गेल्यावर देवाजी रडवेला झाला. "फेकून दे वं. कुठं जाऊ आपण?"

"छप्पन साली दीक्षा घ्याले तुमी माह्या संगंच होते ना? मान खाली घालाले घेतली होती काय?"



दुसऱ्या दिवसापासून ती रस्त्यापलीकडच्या ट्रक गॅरेजमधल्या हापशावरून पाणी आणू लागली. चाळीमागून वाट होती. पण रंभाबाई दोन्ही हातांत भरल्या बादल्या घेऊन समोरूनच यायची, नळावर बायकांची गर्दी असताना, अगदी त्यांच्या मधून. घरात टांगलेलं बेकनचं गाठोडं तिनं बाहेर, दाराच्या चौकटीला आणून बांधलं. मांजरीच्या भीतीनं दिवसभर जवळ बसून तांदूळ निवडायची. पहिले काही दिवस बायका तोंड फिरवायच्या. मग एकदा अंजनाबाई हळूच म्हणाली, "खांदे दुखत असन ना वं?"

"दुखते," रंभाबाई म्हणाली अन् पुढं गेली.

रविवारी सकाळी तिनं बेकनच्या पातळ चकत्या तव्यावर टाकल्या. त्या स्वतःच्याच चरबीत तडतडल्या, वास साऱ्या चाळीत पसरला. देवाजी दार लोटायला उठला. तिनं त्याला खाली बसवलं. मधला, लालगुलाबी तुकडा आधी आपल्या ताटात घेतला, मग त्याच्या. डोळे मिटून चावला. साल सोडून आपल्या हातच्या बेकनची चव तिनं आयुष्यात पहिल्यांदा घेतली होती. उघड्या दाराकडं पाहत देवाजीनं पहिला तुकडा घाईनं गिळला. पण दुसऱ्यांदा त्यानं स्वतःहून ताट पुढं केलं.

जानेवारीत ते वाडीच्या टोकाला, नव्या वस्तीत गेले. टिनाची खोली बांधली. तेव्हापासून दर हिवाळ्यात रंभाबाईची बरणी भरायची.

ब्याऐंशी सालच्या थंडीत धाकट्या लेकीला, चंद्रकलेला पाहायला उमरेडहून पाहुणे आले. मुलाच्या बापानं वर बोट दाखवलं. "तिथं काय टांगलं जी?"

देवाजी चाचरला, "ते... औषधाचं..."

"डुकराचं मटण हाय, मिठातलं," रंभाबाई म्हणाली. "घरी केलं. वाढू काय?"

पाहुण्यानं पुन्हा एकदा वर पाहिलं. मग म्हणाला, "नको, बाई. चहा द्या."

चंद्रकलेनं चहा आणला. सोयरीक जुळली.