धवल्यातला पेंग्विन

ठाण्याजवळच्या कोपर गावच्या तुळसाबायनं शाळेची पायरी कधी चढली नाही, पण दर दुपारी ती कॉलेजात मात्र बसायची. कॉलेज तिच्या घरातच होतं, टीव्हीच्या पेटीत.

गावच्या भातखाचरांवर इमारती उठायला लागल्या तेव्हा तिच्या लेकानं रंगीत टीव्ही आणलेला. सून नंदा घरी बसून बी.ए. करत होती. दुपारी जेवणं उरकली की विद्यार्थ्यांसाठी घरबसल्या बघायचे माहितीपट लागायचे, सगळे इंग्रजीत. नंदा टीव्हीसमोर मांडी ठोकायची आणि सासू कोलंबी सोलत तिच्या शेजारी. नंदा जमेल तेवढं मराठीत सांगायची, उरलेलं तुळसा आपल्या पदरचं घालायची. ज्वालामुखी बघून म्हणाली, "धरनीला पित्त झायलंय गो." इजिप्तच्या राजाचं गुंडाळलेलं मढं बघून म्हणाली, "मेल्यावं येवडं कापड! जित्तेपनी दिलं असतं तर आशीर्वाद तरी दिला असता."

आता या बाईला एवढ्या शिक्षणाचं करायचं काय होतं? तर तुळसा होती धवलारीण. आगरी लग्नात मांडवातले धवले ती गायची. देवांना आवतण तिच्या तोंडून जायचं. धवला झाला नाही तर लग्न लागलं असं जुन्या माणसांना वाटायचंच नाही. तिची आई तिला बजावून गेलेली, "धवल्यान देव येऊन बसतान. खोटं गाशील तर जीभ झडंल."

पण नव्या पोरांना धवल्याचा कंटाळा. कॅसेट लावा, नाचायला गाणी लावा, म्हातारीला गप करा. तेव्हा तुळसानं युक्ती काढली. टीव्हीवरचं ज्ञान तिनं धवल्यात घुसवायला सुरुवात केली. एका हळदीला वाळवंटातले उंट वऱ्हाड घेऊन आले. दुसऱ्या लग्नात तिनं नवरीच्या बोटात शनीचं कडं चढवलं, तेव्हा नवरीची आजी किंचाळली, "शनीला कशाला आनतस मांडवान? थुंक आदी!" पण पोरं टाळ्या पिटायला लागली. तुळसाला आवतणं येऊ लागली, कॅसेटवाला कोपऱ्यात जांभया देऊ लागला.

आणि मग आलं गावातल्याच सहदेवच्या मालूचं लग्न. नवरा रघु, कळव्याचा. त्याची आई कमळाबाई म्हणजे ठाण्याच्या बाजारात मावऱ्याची, मासळीची पाटी लावणारी बाई. पापलेटनंसुद्धा तिच्यासमोर डोळे खाली घालावेत. बाप दामाजी मिठागरावर देखरेख करायचा, म्हणजे तसं तो सांगायचा.

लग्न सांजेचं, पण वऱ्हाड दुपारीच आलं. तुळसानं पाटावर बसून सूर लावला:

"बर्फाच्या गावाला गो, बाय गेली मावऱ्याला,
पायांवं अंडं धरून गो, बाप रायला पोऱ्याला."

मांडवात खसखस पिकली. बाई मावऱ्याला आणि बाप घरी, हे कुणाच्या घरचं, ते कळव्याच्या वऱ्हाडाला कुणी सांगायची गरज नव्हती. दामाजीनं टोपी सारखी केली. कमळाबाई उठली.

"कोनावर गातस गो?"

"कोनावर नाय, बाय. पक्षी हाय तो. पेंगीन. बर्फान रातो. अंडं बाप उबवतो नि आई दर्यावर जाते."

"बाप उबवतो? कोंबड्याला कवा अंड्यावर बसलेला पायलास?"

"टीव्हीन दाखवला. माज्या नंदाला इचार."

"तुजी सून तुजंच बोलनार. खोटं गानारीच्या तोंडानं माज्या पोऱ्याचं लगीन लागनार नाय! ए, कॅसेट लाव रे!"

कॅसेटवाल्याची जांभई तिथल्या तिथं जिरली. तुळसानं मात्र पाट घट्ट धरला. आज मांडवात खोटी ठरली, तर उद्या कोपरपासून कळव्यापर्यंत तिला पाटावर कोण बसवणार?

तेवढ्यात नंदाला घड्याळ दिसलं. "आई, कार्यक्रमाची वेळ झाली! कधीकधी तेच परत दाखवतात."

झालं. नवरदेवाला पाटावर टाकून अख्खं वऱ्हाड तुळसाच्या घरात घुसलं. ज्यांना जागा मिळाली नाही ते खिडकीला लटकले. टीव्ही लागला. एक टकलू गृहस्थ फळ्यावर वाकडी रेघ काढून महागाई समजावत होता.

वऱ्हाडातली एक म्हातारी डोळे बारीक करून म्हणाली, "ह्योच का गो तो पक्षी?"

"थांब ना काकी, आता अंडं काढंल," कुणीतरी मागून बोललं.

पण टकलूनं ना अंडं काढलं, ना बर्फ. आणखी एक रेघ काढली. नंदा खाली मान घालून बसली. कमळाबाईनं विजयानं पदर खोचला. "दिसला पक्षी? चला! कॅसेट!"

"पन हाय तसा पक्षी," मागून आवाज आला.

सगळ्यांनी माना वळवल्या. दामाजी होता. बोलून गेला आणि लगेच जीभ चावली. पण आता उशीर झालेला.

"म्हंजे... पोटाखाली त्याला कातड्याची घडी असते. त्या घडीन अंडं झाकून उभा रातो. वारा कापत असतो, पन हलत नाय. समदे बाप एकमेकांना चिकटून उभे रातान. मी पायलाय. तुळसाबाय खोटं नाय गायली."

टकलूनं तिसरी रेघ काढली.

"तू पायलास?" कमळाबाईचा आवाज एकदम मऊ झाला. बाजारात ती असं बोलायला लागली की गिऱ्हाईक पाटी सोडून पळायचं. "कवा पायलास?"

"दुपारी... लागतं ना."

"दुपारी तू मिठागरावर असतस ना?"

दामाजीनं टीव्हीकडं पाहिलं. टकलूकडून काही मदत मिळाली नाही.

"रोज दुपारी मी टोपलीखाली मान मोडतंय," कमळाबाई म्हणाली, "नि हा बाबा घरान बसून शिकतोय!"

मग जे हसू फुटलं, त्यात खिडकीला लटकलेली दोन माणसं खाली पडली. कमळाबाईनं हसू दाबून धरलं, धरलं, आणि मग तिलाही धरवेना. पदरानं डोळे पुसत ती तुळसाला म्हणाली, "चल गो, बस पाटावर. तूच लाव माज्या पोऱ्याचं लगीन. पन तोच धवला पयल्यापासून म्हन. नि त्या पक्ष्याला नाव लाव."

मांडवात परत सूर लागला. "पायांवं अंडं धरून गो, दामाजी रायला पोऱ्याला." सगळ्यात मोठा आवाज कमळाबाईचा.

एवढी फजिती झाली, तरी विद्यार्थी गप्प बसेना. दामाजी तुळसाच्या कानाशी वाकला. "एक रायलं. दोन म्हयनं तो बिचारा उपाशी असतो. ते पन घाल ना."

कमळाबाईचे कान तिखट. "उपाशी? तू कवा रे उपाशी रायलास?"

तुळसाला पुढची ओळ आयतीच मिळाली.